उलटा हत्ती

समुद्रकाठच्या मान्सानियो गावच्या बुद्धिबळ मंडळात वजिरांचा कायमचा दुष्काळ. घोडे आहेत, उंट आहेत, प्यादी तर पायलीची पन्नास. वजिराचं मात्र विचारू नका. बाहेरगावचा कुणी खेळायला आला की संच उघडून आधी हसतो, मग कारण विचारतो आणि उत्तर ऐकून गप्प बसतो. कारण ते वजीर चोरीला गेलेले नाहीत. ते गावच्या दफनभूमीत आहेत.

मंडळ काढणारा दंतवैद्य मोठा संशयी होता. आपल्या संचाला कुणी हात लावू नये म्हणून पांढरा वजीर सदऱ्याच्या खिशात घालूनच घरी जायचा. एक दिवस तो तसाच रस्त्यात कोसळला आणि खिसा न तपासता लोकांनी त्याला पुरलं. तेव्हापासून पद्धतच पडली. मंडळातला माणूस गेला की त्याच्या छातीवरच्या खिशात एक वजीर ठेवायचा. आणि तो ठेवायचा कुणी, तर ज्याच्याशी त्याचा शेवटचा डाव झाला त्यानं. मग मागे राहिलेल्यांचं काय? त्यांनी तोड काढली. प्यादं पलीकडच्या टोकाला पोचलं आणि त्याचा वजीर करायची वेळ आली, की मारलेला एक हत्ती उचलायचा आणि तिथे उलटा उभा करायचा. उलटा हत्ती म्हणजे वजीर. हे इथल्या शेंबड्या पोरालासुद्धा माहीत आहे.

फाउस्तिनो रोंदोननं आजवर दोन माणसांच्या खिशात असे वजीर ठेवले होते. तिसरा ठेवायची त्याची तयारी नव्हती, आणि त्या सप्टेंबरात त्याला नेमकी तीच धास्ती लागली.

झालं असं, की प्रांताच्या स्पर्धेचा शेवटचा डाव रविवारी होता आणि शनिवारी सकाळी ओनेलिया त्याच्या दारात उभी राहिली. ओनेलिया ही आर्सेनियो वेर्देसियाची बायको. आर्सेनियो शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला, आणि पटावर अख्ख्या गावाचा बाप. फाउस्तिनो जन्मभर लोकांचे फ्रीज दुरुस्त करत आला आणि उरलेल्या वेळात आर्सेनियोकडून हरत आला. मंडळात गमतीजमतीत तो जिंकायचा, नाही असं नाही. पण स्पर्धेत, घड्याळ लावून, पंचासमोर बसून? एकदाही नाही. तीस वर्षं एक तर बरोबरी, नाही तर हार. तरी दोघांचा एकमेकांवर जीव होता. फाउस्तिनोच्या मुलीचा धर्मपिता आर्सेनियोच, त्यामुळे दोघं एकमेकांना 'कोंपाय' म्हणायचे आणि त्याच तोंडानं शिव्याही द्यायचे.

ओनेलियानं समोरच्या कॉफीला हात लावला नाही.

"उद्या तुझा डाव त्याच्याशी," ती म्हणाली.

"त्याच्याशीच. आणि तुझा नवरा अर्ध्या गुणानं पुढे आहे. जिंकला तर तो पहिला, बरोबरी झाली तरी तोच पहिला. मला जिंकण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणजे बघ, आनंदच आहे!"

"थट्टा नको, फाउस्तिनो. डॉक्टरनं त्याला खेळायची बंदी केलीय. हृदयाचा एक भाग मेल्यात जमा आहे म्हणे. ताण नको, धक्का नको. आणि हा शहाणा गोळ्या खिशात टाकून रोज तिथे जाऊन बसतो."

"मग घरी धरून ठेव ना."

"घरी ठेवला तर घरीच मरेल. भिंतीकडे बघत. तू ओळखत नाहीस त्याला?" तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "पंधराव्या चालीला तू बरोबरी माग. तो हो म्हणेल. लोक टाळ्या वाजवतील, मी त्याला घरी घेऊन जाईन. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. फक्त या खेपेला त्याला फार वेळ बसवू नकोस, आणि हरवू नकोस."

"आणि नाही म्हणाला तर?"

"पंधराव्याला नाही म्हणणार नाही. तेव्हा डाव थंड असतो, तुम्हीच सांगता. एकदा तापला आणि मग तू मागितलीस, तर त्याला वास येईल. मग मेला तरी सोडणार नाही."

ओनेलियाला घोडा कसा चालतो हेही धड माहीत नव्हतं. पण तीस वर्षं जेवताना हेच कानावर पडलं की माणसाला बाकीचं सगळं कळायला लागतं.

"दिला शब्द," फाउस्तिनो म्हणाला.

"मुलीची शपथ घे."

त्यानं मुलीची शपथ घेतली. ती गेल्यावर तिची कॉफी त्यानं पिऊन टाकली. ती गार झाली होती आणि कडू लागली.

रविवारी दुपारी गावात पान हलत नव्हतं. वादळ जमैकाच्या खाली कुठेतरी घोटाळत होतं आणि रेडिओवाला दर तासाला तेच सांगत होता, की काळजीचं कारण नाही. असं ऐकलं की इथली माणसं खिडक्यांना फळ्या ठोकायला घेतात. मंडळाच्या हॉलच्याही समुद्राकडच्या खिडक्या ठोकून बंद केल्या होत्या. आत छताचा पंखा तेवढा कण्हत होता. पलीकडे धक्क्यावर एरवी बगळे आणि पाणकोळी गर्दी करतात, त्यातलं एकही पाखरू दिसत नव्हतं, असं कुको सांगत आला. कुको म्हणजे मंडळाचा दरवान, कॉफीवाला आणि फुकटचा समालोचक.

पंच म्हणून प्रांताच्या मुख्य शहरातून, बायामोहून, यानेत नावाची एक तरुण बाई आली होती. चष्मेवाली, काटेकोर, न हसणारी. डाव सुरू व्हायच्या आधी तिनं सगळ्यांना उभं केलं.

"तुमच्या मंडळात काय चालतं ते मला ठाऊक आहे. इथे चालणार नाही. उलटा हत्ती म्हणजे हत्तीच. वजीर हवा असेल आणि सापडत नसेल, तर घड्याळ थांबवा आणि मला हाक मारा. मी आणून देईन. एकदा ठेवलं आणि घड्याळाची कळ दाबली, की जे ठेवलं ते ठेवलं. नंतर रडारड नको."

"ऐकलंत का रे?" कुको दारातून म्हणाला. "आता आपल्या मेलेल्यांना बायामोहून नोटिसा येणार. वजीर परत करा म्हणून!"

"मुली," आर्सेनियो म्हणाला, "आमच्याकडे हत्ती उलटा केला की त्याच्या डोक्यात रक्त जातं आणि त्याला अक्कल येते. बायामोचे हत्ती तसेच राहतात का?"

हॉलभर हशा पिकला. फाउस्तिनोही हसला. हसता हसता त्यानं आर्सेनियोकडे नीट बघितलं आणि त्याचं हसू ओठावरच राहिलं. कोंपायचा चेहरा मेणाचा झाला होता. इस्त्रीचा पांढरा सदरा गळ्याशी सैल पडला होता आणि पाय मात्र बुटात मावत नव्हते. दोन पायऱ्या चढून आलेला हा माणूस अजून धापा टाकत होता, आणि वर विनोद करत होता.

दोघांनी हात मिळवले. आर्सेनियोचा हात गार होता. त्या उकाड्यात, गार.

फाउस्तिनोकडे पांढऱ्या सोंगट्या आल्या. पहिल्या आठ-दहा चाली दोघांनी डोळे मिटून खेळाव्यात तशा खेळल्या. याच वाटेनं ते शंभरदा गेले होते. फाउस्तिनोच्या मनात पट नव्हताच. त्याच्या मनात एकच आकडा होता, पंधरा. बरोबरी कशी मागायची याचाही रिवाज आहे: आधी आपली चाल करायची, मग तोंडानं विचारायचं, आणि मग घड्याळ दाबायचं. त्यानं शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते. 'कोंपाय, फार उकडतंय. वाटून घेऊ?' असं म्हणायचं, सहज.

चौदाव्या चालीला आर्सेनियोनं घोडा उचलला आणि पटाच्या कडेला नेऊन ठेवला.

फाउस्तिनोनं पुन्हा बघितलं. आर्सेनियो वेर्देसिया घोडा कडेला नेत नाही. शाळेतल्या पोरांना तो छड्या मारायचा यासाठी. तिथून त्या घोड्याला परत यायला वाट नव्हती. उंट मागे घेतला की तो अडकलाच. थकलेल्या माणसाची चाल होती ती. डोक्यानं नाही, हातानं केलेली.

फाउस्तिनोनं उंट मागे घेतला. पंधरावी चाल. त्यानं तोंड उघडलं. शब्द जिभेवर होते. आणि त्याच क्षणी तीस वर्षांची भूक त्याच्या पोटात जागी झाली. हा घोडा मरतोय, आज मरतोय, पंचासमोर मरतोय. शब्द त्यानं गिळले आणि घड्याळ दाबलं.

विसाव्याला मागतो, त्याचं मन म्हणालं. आधी घोडा मारतो, म्हणजे बरोबरी दिल्यावर कुणी मला भित्रा म्हणणार नाही. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याच्यासारखा वकील नाही.

आर्सेनियोनं घोडा सहजी दिला नाही, दोन प्यादी घेऊन मग दिला. विसावी चाल आली आणि गेली. पंचविसावी गेली. आता डाव तापला होता. कुको दारात बोटं मोडत उभा होता, बाकीचे डाव संपवून लोक या टेबलाभोवती जमले होते. तेवढ्यात वीज गेली. पंखा दोन फेरे फिरला आणि थांबला. यानेतनं दरवाजे सताड उघडायला सांगितलं, पण उघडून काय येणार? बाहेरूनही तसाच ओला, मेलेला उकाडा आत आला.

"खेळ थांबवू का, मास्तर?" तिनं आर्सेनियोला विचारलं.

"घड्याळाला सेल आहेत, मलाही आहेत," आर्सेनियो म्हणाला. त्यानं पँटच्या खिशातून डबी काढली, एक गोळी जिभेखाली टाकली आणि डबी परत ठेवली. डाव्या दंडावर तो सारखा उजवा हात फिरवत होता, लहान मुलाला थोपटल्यासारखा.

फाउस्तिनोनं हे बघितलं, आणि त्याला ओनेलिया दिसली, ओढणीचं टोक गुंडाळताना. आता माग, तो स्वतःला म्हणाला. पण पुढच्या चालीला वजिराला वजीर भिडणार होता, आणि वजीर गेले की पांढऱ्याचं कडेचं प्यादं मोकळं. तेवढं होऊ दे, मग.

वजिराला वजीर भिडला. फाउस्तिनोनं काळा वजीर मारून आपल्या बाजूला ठेवला. आर्सेनियोनं पांढरा वजीर उचलला, त्या जागी आपला हत्ती ठेवला. मारलेली सोंगटी बोटांत घोळवत बसायची त्याची जुनी खोड होती. वजीर त्यानं तळहातावर घोळवला, पटाकडे बघत राहिला, आणि मग अगदी सहज, पेन अडकवावं तसा तो सदऱ्याच्या खिशात टाकला. डाव्या. छातीवरच्या.

फाउस्तिनोनं आजूबाजूला बघितलं तर ते कुकोनंही बघितलं होतं. त्यानं हळूच छातीवर क्रूस काढला. या हॉलमध्ये जिवंत माणूस त्या खिशात वजीर ठेवत नाही. तो दंतवैद्य शेवटचा.

ज्याच्याशी शेवटचा डाव झाला, त्यानं ठेवायचा. फाउस्तिनोच्या डोक्यात एवढं एकच वाक्य घुमायला लागलं. पट दिसेना. समोर फक्त तो खिसा, आणि पातळ कापडाआडून दिसणारं वजिराचं टोक. ते श्वासाबरोबर वर-खाली होत होतं, आणि श्वास फार भरभर चालला होता.

चौतिसाव्या चालीला त्यानं राजा एक घर सरकवला आणि म्हणाला, "बरोबरी, कोंपाय?"

आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला. भोवतालची माणसं चुळबुळली. पांढरा सरळ जिंकत होता, आंधळ्यालाही दिसावं.

आर्सेनियोनं मान वर केली. मग हलक्या आवाजात म्हणाला, "कुणी सांगितलं तुला?"

"कुणी काय सांगायचं? उकडतंय."

"तीस वर्षांत तुला कधी उकडलं नाही. आज एक घोडा जास्त आहे तर उकडायला लागलं?" त्याच्या ओठांना निळसर रंग आला होता, पण डोळे लखलखीत होते. "ओनेलिया आली होती ना? खरं सांग."

"खेळाडूंनी बोलू नये," यानेत म्हणाली.

"बोलत नाही, मुली. उत्तर देतोय. नाही. बरोबरी नाही. खेळ, कोंपाय. आणि नीट खेळ, नाहीतर या वयात तुझे कान उपटीन."

फाउस्तिनोला राग आला. आर्सेनियोचा आला, ओनेलियाचा आला आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. पंधराव्याला मागितली असती तर आत्ता हा माणूस घरी पंख्याखाली नाहीतर सावलीत तरी आडवा पडला असता. आता बरोबरी कशी होणार? मुद्दाम वाईट चाल केली तर आर्सेनियोला ती गल्लीच्या टोकावरून दिसेल. चांगली केली तर हा हरेल. आणि हरला तर, त्या मेणाच्या चेहऱ्याआड काय होईल ते देव जाणे. मग त्यानं मधलीच वाट धरली. ना चांगल्या, ना वाईट, अशा चाली करत तो वेळ काढत राहिला, आणि या बावळटपणात अडकलेल्या घोड्याचा फायदा हळूहळू विरून गेला. एक एक करून मोहरे गेले. दोघांच्याही घड्याळात मिनिटभर उरलं, तेव्हा पटावर राजे होते, फाउस्तिनोचं एक प्यादं होतं डावीकडच्या कडेला, आणि आर्सेनियोचं एक उजवीकडच्या. दोन्ही पळत सुटलेली. फाउस्तिनोचं एक पाऊल पुढे.

एका पावलाची ती गोष्ट होती. पांढरं प्यादं कोपऱ्यात पोचून वजीर झालं, की तो वजीर त्या कोपऱ्यातून या कोपऱ्यापर्यंत तिरपा बघणार, आणि काळं प्यादं शेवटच्या घरात पाय ठेवताच त्याला खाणार. डाव खलास. पण तिथे हत्ती झाला तर? हत्तीला तिरपं दिसत नाही. मग काळं प्यादं खुशाल आत शिरेल, राजाला शह देतच वजीर होईल, आणि राजा हलला की कोपऱ्यातल्या हत्तीलाच तिरपा जाऊन मारेल. आर्सेनियो जिंकेल.

फाउस्तिनोनं प्यादं शेवटच्या घरात ढकललं. वजीर हवा होता, आणि वजीर आर्सेनियोच्या खिशात होता. घड्याळ थांबवून यानेतला हाक मारायची, एवढंच करायचं होतं. ती हात पुढे करूनच उभी होती. पण म्हणजे काय म्हणायचं? 'मास्तर, तुमच्या छातीवरचा वजीर काढून द्या, तुम्हाला मारायचंय' असं?

त्याचा हात आर्सेनियोच्या बाजूला गेला. मेलेल्या पांढऱ्या सोंगट्या तिथे रांगेत उभ्या होत्या. त्यानं एक हत्ती उचलला, उलटा केला, कोपऱ्यात ठेवला आणि घड्याळाची कळ दाबली. म्हाताऱ्याची सवय. कुणीही हेच म्हणालं असतं.

यानेतनं घड्याळ थांबवलं. "हा हत्ती आहे," ती म्हणाली. "मी आधीच सांगितलं होतं. चाल झालेली आहे. हत्तीच राहील."

"अरे देवा!" कुको ओरडला. "फाउस्तिनो, गाढवा! तीस वर्षांनी घास तोंडाशी आला रे!"

"विसरलो," फाउस्तिनो म्हणाला. "सवयीनं..." त्याला आतून सुटल्यासारखं वाटलं. आता तो प्यादं ढकलेल, टाळ्या होतील, ओनेलिया त्याला घेऊन जाईल. दारात ती दिसतही होती, उन्हात डोळ्यांवर हात धरून उभी. तिला काय चाललंय ते कळत नव्हतं.

आर्सेनियोनं प्याद्याला हात लावला नाही. उलट्या हत्तीकडे बघत तो बसून राहिला. त्याच्या कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर आला आणि पटावर पडला.

"मघाशी कान उघडे होते तुझे," तो म्हणाला. "हसलास मोठ्यानं. मी बघितलं."

"विसरलो म्हणतोय ना!"

"तू एकदा बघितलेला फ्रीज विसरत नाहीस, लेका, नियम विसरतोस? कुणाला शिकवतोस?" तो रागावला होता का? सांगणं कठीण. आवाज चढला नव्हता. "माझ्यावर दया बायको करते तेवढी पुरे. पटावर नको."

त्यानं खिशातून वजीर काढला. उलटा हत्ती बाजूला केला आणि त्या कोपऱ्यात वजीर नीट मधोमध ठेवला.

"मास्तर, तसं करता येत नाही," यानेत गोंधळून म्हणाली. "तिथे हत्ती आहे. तुम्ही जिंकताय!"

"मुली, डाव सोडायचा हक्क मला कुठल्याही चालीला आहे की नाही? पुस्तकात बघ."

"आहे, पण..."

"मग झालं. या हॉलमध्ये उलटा हत्ती म्हणजे वजीर. हे मी याला शिकवलं." आणि त्यानं आपला काळा राजा एका बोटानं आडवा केला.

मग कुकोनं एकच आरोळी ठोकली आणि लोक फाउस्तिनोच्या अंगावर पडले. पाठीवर थापा, केसांत हात, कुणीतरी त्याचा मुका घेतला. तीस वर्षं ज्या घटकेची त्यानं वाट पाहिली ती ही. गर्दीतून त्याला एवढंच दिसलं, की आर्सेनियो टेबलाला धरून उठला, ओनेलियाच्या खांद्यावर हात टाकला आणि सावकाश पायऱ्या उतरला. एकदा वळून त्यानं बोट दाखवलं. "उद्या उट्टं काढतो, कोंपाय!" तो म्हणाला.

त्या उद्याच्या पहाटेच तो गेला. वादळ गावाला न शिवता उत्तरेला निघून गेलं.

डॉक्टर म्हणाले, असं हृदय कशाचीच वाट बघत नाही. पट असो नसो. फाउस्तिनोला हे तीन जणांनी तीनदा सांगितलं. सांगणाऱ्यांचं काय जातं! तो मंडळात गेला, पहिल्या टेबलावरचा संच उघडला आणि तो पांढरा वजीर काढला. दुसरा ठेवणं शक्यच नव्हतं.

शवगृहात काचेच्या खोलीत फुलांचा वास कोंडला होता. आर्सेनियोला तोच इस्त्रीचा सदरा घातला होता. ओनेलियानं सकाळीच धुऊन पुन्हा इस्त्री केली होती. ती पेटीच्या डोक्याशी खुर्चीत बसली होती. मंडळातले लोक भिंतीला लागून उभे होते. फाउस्तिनो पुढे आला तसे ते मागे सरले, कारण हे काम एकट्याचं असतं.

"मागितली होतीस?" ओनेलियानं विचारलं. आवाज कोरडा होता.

"मागितली होती."

"कितव्या चालीला?"

फाउस्तिनोच्या हातात वजीर घामानं निसटत होता. "पंधराव्या," तो म्हणाला.

नवऱ्याच्या सदऱ्याची चुणी सरळ करत ती म्हणाली, "काल घरी आला तेव्हा हसत होता. दोन वेळा भात मागून घेतला, मासा खाल्ला. मला म्हणाला, ओनेलिया, तू गेली होतीस त्याच्याकडे, मला कळलं. पण त्यानं तुझं ऐकलं नाही गं! चौतीस चाली तो माझा जीव घ्यायला खेळला. मग घाबरला. म्हणाला, इतका चांगला डाव मला आयुष्यात कुणी दिला नाही."

मुलीची शपथ फाउस्तिनोला आठवली आणि त्यानं खाली बघितलं.

ओनेलियानं खिशाचं बटण काढलं आणि दोन बोटांनी खिसा उघडा धरला.

"ठेव," ती म्हणाली.

त्यानं न बघताच सोडला, आणि वजीर डोक्यावर उलटा आत गेला. ओनेलियानं तो बाहेर काढला, सुलटा केला, पुन्हा खिशात ठेवला आणि बटण लावलं.